तीन नंबरचं इंजिन

गुरुवारी एर्मिनियो येतो.
काठीनं दार वाजवत नाही, काठीनंच उघडतो.
रुमालात बांधलेली कानाच्या आकाराची बिस्किटं,
आणि तोंडात तक्रार :
"पुन्हा एका दमात सुरू झालं?
इतकं शहाणं इंजिन मी जन्मात पाहिलं नाही."

सांता मारियाच्या या बेटावर
समुद्र चारी बाजूंनी ऐकू येतो, विमान क्वचितच.
धावपट्टी मात्र अजून तेवढीच लांब,
लहान पोराच्या अंगावर
बापाचा कोट चढवावा तशी.

दिवसा मी इथला वारा मोजते.
रात्री विमान घडवते :
सुपर कॉन्स्टेलेशन, तीन शेपट्यांचं,
पाठीत माशासारखं वाकलेलं.
सात वर्षं झाली.
एकेक रिव्हेट मोजून बसवला,
ज्याला कधी कुणाचा हात लागणार नाही.
ओसाकात, कुरितिबात, बर्गनमध्ये
कुणीतरी भांडी आवरून, मुलं निजवून
याच्यात बसतं
आणि सकाळपर्यंत अटलांटिक ओलांडतं
स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून.

एर्मिनियो पडद्याला नाक लावतो.
"ज्वाळा नारिंगी कशी?
मिश्रण पातळ केलं की निळी व्हायची.
शेगडीची निळी नव्हे गं, अंगठीतल्या खड्याची."
मी निळी केली.
"आणि जमिनीवर तेल कुठाय?
गळत नसेल तर समज, संपलंय."
मी डाग पाडले, चार इंजिनांचे चार.
"सारखे नकोत.
दोन नंबर जास्त रडायचं."

मग सुरू करायची वेळ.
तो पाती मोजतो, बोटं गुडघ्यावर :
एक, दोन, तीन,
चार, पाच,
सहा. आता मॅग्नेटो.
खोकला. धूर. पुन्हा खोकला.
मग अठरा सिलिंडर एकामागून एक जागे होतात,
काही शिव्या देत.

गेल्या गुरुवारी तो चारवर थांबला.
"तीन नंबर सुरू होऊ देऊ नकोस," म्हणाला.

अठ्ठावन्नचा फेब्रुवारी. लिस्बनहून काराकासला
निघालेलं विमान, इथं फक्त इंधनापुरतं.
हिरव्या कोटातली एक बाई, डेल्मिरा,
कागदावर लग्न लागलेली,
नवरा फोटोत पाहिलेला, तोही टोपी घातलेला.
शेडच्या दाराशी येऊन तिनं विचारलं,
किती वेळ थांबणार?
वीस वर्षांचा एर्मिनियो, कोपरापर्यंत ग्रीस,
म्हणाला, चाळीस मिनिटं.
ती म्हणाली, "एवढंच?"

एवढंच म्हणाली ती.
"शिडी लावली, वर चढलो,
कॉइलची तार अर्धा आटा सैल केली.
अर्धाच.
मोठे इंजिनियर रात्रभर शोधत राहिले,
मीच त्यांना टॉर्च धरून दाखवत होतो."

मी विचारलं, मग?
"मग काय. ती झोपली. दोन दिवस.
हॉटेलवालीनं सांगितलं, जेवायलासुद्धा उठली नाही."
बोललात तुम्ही तिच्याशी?
"झोपलेल्या माणसाशी काय बोलणार?
तिसऱ्या दिवशी तार मीच घट्ट केली.
सहा पाती मोजली. लागलं ते.
खिडकी कुठली तिची, ते कळलं नाही."

त्या रात्री मी चार ओळी लिहिल्या :
फेब्रुवारी असेल, हवा दमट असेल,
आणि धावपट्टी हीच असेल,
तर तीन नंबर लागणार नाही.
का, ते कुठंच लिहिलं नाही.

बर्गनहून एकानं कळवलं : दोष आहे, दुरुस्त करा.
कुरितिबातली एक बाई लिहिते,
खूप प्रयत्न केला, मग नाद सोडला,
दिवे तसेच ठेवले विमानाचे
आणि जाऊन झोपले,
बऱ्याच दिवसांनी लवकर.

एर्मिनियोला वाचून दाखवलं.
त्यानं बिस्किट चहात बुडवलं,
जरा जास्तच वेळ, तुकडा तळाला गेला.
"किती वेळ बंद राहतं?"
एक रात्र, मी म्हणाले.

"दोन कर," तो म्हणाला,
चमच्यानं तळ शोधत.
"एक पुरत नाही."